पिण्याच्या विहिरीचं पुनर्भरण: आधी काय, मग काय आणि कुठे चुकतं

विहीर पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचं पाणी विहिरीत किंवा तिच्याभोवतीच्या जमिनीत मुरवण्याची, बहुतेक कामं शेवटाकडून सुरू होतात. आभाळ भरून आलं की कुणीतरी पाइप आणतं, जवळच्या छताचं नाहीतर रस्त्याकडेच्या चराचं पाणी विहिरीत सोडलं जातं, पातळी वर आलेली दिसते आणि सगळे खूश होतात. काही दिवसांत पाण्याला वास येतो, मुलांना जुलाब लागतात आणि पुढच्या पावसाळ्यात तो पाइप कुणी जोडत नाही. पाइप जोडण्याआधीची जी सात-आठ कामं होती, ती झालेलीच नसतात.

दुसरी मोठी गफलत म्हणजे शेतीच्या विहिरीची पद्धत जशीच्या तशी पिण्याच्या विहिरीला लावणं. शेतीच्या विहिरीत शिवारातून वाहत आलेलं, गाळणखड्ड्यातून गेलेलं पाणी चालून जातं. पिण्याच्या विहिरीत ते चालत नाही. दगड-वाळूच्या गाळणीत गाळ अडतो. जंतू, विरघळलेली खतं आणि फवारणीची औषधं तिच्यातून आरपार जातात.

म्हणून एक नियम आधीच ठरवून घ्या: विहिरीत थेट जाईल ते फक्त स्वच्छ छताचं पाणी. अंगण, रस्ता आणि शेतावरून वाहणारं पाणी विहिरीपासून लांब जमिनीत मुरवायचं आणि मातीतून झिरपतच विहिरीकडे येऊ द्यायचं. पुढचे सगळे टप्पे या नियमावर आधारलेले आहेत. पावसाळ्याच्या किमान चार महिने आधी काम हाती घ्या. त्याहून कमी वेळ उरला असेल तर या वर्षी टप्पा ५ पर्यंतच जा आणि पाइप पुढच्या वर्षी जोडा.

## टप्पा १: बैठक आणि लेखी ठराव

बैठकीला रोज पाणी भरणारी माणसं हवीतच. पाण्याची चव कधी बदलते, कोणत्या महिन्यात तळ दिसतो, कोणत्या बाजूने पावसात गढूळ पाणी शिरतं हे त्यांना ठाऊक असतं. मोजमाप करणाऱ्याला ते एका भेटीत कळत नाही.

ठरावात या गोष्टी स्पष्ट लिहा:

- कोणत्या विहिरीचं पुनर्भरण करायचं आणि तिचं पाणी कोण कोण वापरणार.
- कोणती छतं जोडायची. छताच्या मालकाची लेखी संमती घ्या. छत दिलं म्हणून त्या घराला पाण्याचा जास्त वाटा मिळणार नाही, हेही त्यातच लिहा.
- उपसा किती आणि कधी करायचा.
- पावसाळ्यात आठवड्याची पाळी कोणाची आणि पाळी चुकली तर बदली कोण.
- दुरुस्तीचे पैसे कुठून येणार. बांधकामाला देणगी मिळते, तिसऱ्या वर्षी वाळू धुवायला मिळत नाही. ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.

यात उपशाचा मुद्दा सगळ्यात अवघड असतो आणि बहुतेक बैठकांत तोच टाळला जातो. पिण्याच्या विहिरीजवळ खोल बोअर दिवसरात्र चालत असेल, तर तुम्ही मुरवलेलं पाणी आधी तिकडे ओढलं जाईल. बोअरवाला वाईट माणूस असतो असं नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला पहिल्या बैठकीतच समोर बसवा. निदान टंचाईच्या महिन्यांत उपशाचे तास ठरवून घ्या. हे होत नसेल तर दुसरी विहीर निवडा.

## टप्पा २: विहिरीची मोजणी

मोजणी न करता पाणी सोडलं, तर फायदा झाला की नाही हे नंतर कुणीच सांगू शकत नाही.

१. कठड्यावर एका जागी न पुसणारी खूण करा. दरवेळी त्याच खुणेपासून मोजा. मोजणाऱ्याची जागा बदलली की आकडा बदलतो.

२. व्यास, एकूण खोली आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर नोंदवा. मोजणी पहाटे, उपसा सुरू व्हायच्या आधी करा.

३. विहिरीत किती पाणी आहे ते काढा. व्यासाला व्यासाने गुणा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणा (सगळं मीटरमध्ये) आणि येईल त्या आकड्याला ७८५ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे २८,२६० लिटर. हा आकडा क्लोरीनच्या मात्रेसाठी पुन्हा पुन्हा लागतो, तो विहिरीजवळच रंगवून ठेवा.

४. जवळची एक अशी विहीर निवडा जिचं पुनर्भरण होणार नाही. तिचीही पातळी त्याच दिवशी मोजत जा. पाऊस चांगला झाला की सगळ्याच विहिरींचं पाणी वाढतं. आपल्या कामाने किती वाढलं हे या दुसऱ्या विहिरीशी तुलना केल्याशिवाय समजत नाही.

५. विहीर पाणी घेते का ते पाहा. उन्हाळ्यात उपसा थांबवून पातळी स्थिर होऊ द्या. मग मोजलेलं पिण्यायोग्य पाणी, समजा ५,००० लिटर, विहिरीत सोडा. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी साधारण ७० सेंटिमीटर वाढेल. ती दर तासाला मोजा. एक-दोन दिवसांत पातळी पूर्वीच्या जागी आली, तर विहीर आजूबाजूच्या खडकात पाणी पसरवते आहे. पातळी तशीच राहिली, तर विहिरीचे झरे बुजले आहेत किंवा खडकच बंद आहे.

या चाचणीत पाणी पटकन उतरलं की लोक हिरमुसतात, पाणी वाया गेलं म्हणतात. खरं तर हेच आपल्याला हवं असतं. उन्हाळ्यात झऱ्यावाटे परत येणारं पाणी या खडकातच साठलेलं असतं.

> थांबा: पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी जमिनीपासून ३ मीटरच्या आतच राहत असेल, तर थेट पुनर्भरण करू नका. जमीन आधीच भरलेली आहे. आणखी पाणी ढकललं तर शौचालयांच्या खड्ड्यांपर्यंत भूजल चढण्याचा धोका वाढतो. अशा ठिकाणी उपसा आणि स्वच्छता यांवर लक्ष द्या.

## टप्पा ३: धोक्यांचा नकाशा आणि मिठाची चाचणी

विहीर मध्यभागी धरून कागदावर कच्चा नकाशा काढा. शौचालयांचे खड्डे, गोठे, उकिरडे, सांडपाण्याचे शोषखड्डे, कपडे धुण्याची जागा, खत-औषधं साठवण्याची खोली, जमिनीचा उतार, सगळं दाखवा. शौचालयाचा खड्डा, गोठा किंवा उकिरडा विहिरीपासून १५ मीटरच्या आत असेल तर तो आधी हलवा. १५ मीटर हे कमीत कमी अंतर आहे. भेगांच्या खडकात घाण याहून लांबून आणि फार लवकर येऊ शकते, म्हणून तिथे दुप्पट अंतर धरा आणि खड्डा उताराच्या वरच्या अंगाला नको.

एखाद्या खड्ड्याबद्दल शंका असेल तर मिठाची चाचणी करून पाहा. विहिरीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) साध्या मीटरने मोजा. शंका असलेल्या खड्ड्यात काही किलो मीठ भरपूर पाण्यात विरघळवून ओता. पुढचे दोन-तीन दिवस, सुरुवातीला दर तासाला, विहिरीचा टीडीएस मोजत राहा. तो स्पष्ट वाढला तर खड्डा आणि विहीर यांच्यात सरळ वाट आहे आणि तो खड्डा बंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही. उलट वाढ दिसली नाही म्हणून खड्डा निर्धोक ठरत नाही. संथ वाटेने येणारी घाण इतक्या दिवसांत पोचतच नाही.

याच टप्प्यात पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको, नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपर्यंत, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असावी, बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर आणि २४ तासांच्या आत पोचवावी. घरातली धुतलेली बाटली चालत नाही.

फ्लोराइड किंवा आर्सेनिक मर्यादेच्या वर निघालं तर बेत बदला. पुनर्भरणाने ते थोडं पातळ होईल, पण पावसाळा सरला की पुन्हा चढेल. अशा ठिकाणी छताचं पाणी आधी बंद टाकीत साठवून ते पिण्यासाठी राखायचं. टाकी भरल्यावर उरलेलं विहिरीला. या बाबतीत तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण या दोन्हींना रंग, वास, चव काहीच नसतं आणि शरीरावरचा परिणाम कळायला वर्षं जातात.

## टप्पा ४: पाण्याचा हिशेब

१ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. त्यातलं काही उडतं, काही सुकतं. म्हणून सिमेंटच्या छतासाठी ०.८ ने गुणा, पत्र्यासाठी ०.९ ने. १०० चौरस मीटर सिमेंटचं छत आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ५६,००० लिटर.

आकडा मोठा दिसतो, पण हे पाणी विहिरीतच थांबत नाही. ५६,००० लिटर म्हणजे ५६ घनमीटर. कठीण खडकात पाणी धरणारी पोकळी फार थोडी, २ टक्के धरू. एवढं पाणी एक हेक्टरच्या खडकात पसरलं तर भूजल २८ सेंटिमीटर वाढतं. शेजारचे पंप तेवढं लवकरच खाली नेतात. एकट्या घराने केलेलं पुनर्भरण उन्हाळ्यात दिसत नाही त्यामागे हे साधं गणित आहे. तशी दहा छतं जोडली की ५,६०,००० लिटर होतात.

आता गरज पाहा. १०० माणसं, पिण्या-स्वयंपाकासाठी आणि हात धुण्यासाठी माणशी रोज २० लिटर, टंचाईचे १२० दिवस: २,४०,००० लिटर. मुरवलेलं सगळं परत हाती येत नाही, म्हणून गरजेच्या दुपटीहून जास्त पाणी मुरवायचं लक्ष्य ठेवा. हा हिशेब ठरावाच्या वहीतच लिहा. छत द्यायला कां-कूं करणाऱ्या घराला दाखवायला तो उपयोगी पडतो.

## टप्पा ५: विहीर आधी दुरुस्त करा, मग साफ करा

गढूळ पाणी शिरणाऱ्या विहिरीला गाळणी जोडणं म्हणजे फुटक्या माठावर गाळणं बांधणं. हा टप्पा वगळून पुढे गेलेल्या कामांतच पाणी बिघडल्याच्या तक्रारी जास्त येतात.

दुरुस्ती. जमिनीपासून खाली किमान ३ मीटरपर्यंत आतलं बांधकाम पाणी आत न झिरपणारं हवं. तिथल्या भेगा सिमेंटने बुजवा. त्याखालचे झरे मात्र मोकळे ठेवा. संपूर्ण विहीर तळापर्यंत गिलावा करून घेणारे उत्साही लोक असतात, त्यांना थांबवा. तशी विहीर नुसती टाकी होते. कठडा कमरेइतका उंच घ्या. भोवती किमान १ मीटर रुंदीचा सिमेंटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार आणि सांडलेलं पाणी लांब नेणारी नाली हवी. तोंडावर जाळी किंवा झाकण बसवा. बादली-दोर प्रत्येकाने आपला टाकायचा नाही. एकच कायमची बादली ठेवा, हातपंप असेल तर उत्तमच.

साफसफाई. उन्हाळ्यात पाणी सगळ्यात कमी असताना उपसा करून गाळ, पालापाचोळा, प्लॅस्टिक काढा. गाळ विहिरीच्या काठावर टाकू नका, पहिल्या पावसात तो परत आत येतो.

> जिवाचा धोका: डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. त्याचा विषारी वायू खाली साठतो आणि त्याला वास नसतो. जळता दिवा खाली सोडून तो विझला नाही, म्हणजे हवा सुरक्षित आहे असं समजू नका. दिवा प्राणवायूची कमतरता दाखवतो, विषारी वायू दाखवत नाही. वायू तपासणारं उपकरण नसेल तर हे काम ते असणाऱ्या प्रशिक्षित लोकांकडूनच करून घ्या. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असावा आणि वर दोघे थांबलेले असावेत. खाली कुणी बेशुद्ध पडलं तर त्याच्या मागे उडी मारू नका, दोराने वर ओढा.

निर्जंतुकीकरण. साफ केलेल्या विहिरीत साधारण मीटरभर पाणी जमू द्या आणि दर १,००० लिटरला २०० ग्रॅम ताजी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) या हिशेबाने क्लोरीन द्या. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाण्याला सुमारे १.४ किलो लागते. याच पाण्याने आतल्या भिंती वरून धुऊन घ्या. रात्रभर ठेवा, विहीर वापरासाठी बंद असल्याची पाटी लावा. सकाळी उपसून टाका आणि क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत उपसत राहा. हे पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा पिकाला सोडू नका.

## टप्पा ६: छत, पन्हळ आणि पहिलं पाणी

सगळी छतं जोडायची नसतात. शिसं असलेला जुना रंग, डांबर, गंजून पापुद्रे सुटलेला पत्रा, वर वाळवणीची किंवा कबुतरांची कायमची वस्ती असलेलं छत सोडून द्या. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यांना कापू, घासू किंवा छिद्रं पाडू नका आणि ते छत यादीतून काढा. छतावर झुकलेल्या फांद्या छाटा.

पन्हळीला सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचून डास होतात. उभ्या पाइपचा आकार मोठ्या सरींना पुरेल असा घ्या. तासाला १०० मिलिमीटर जोराच्या पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप साधारण ४० चौरस मीटर छताचं पाणी नेतो. म्हणजे १०० चौरस मीटर छताला असे तीन पाइप हवेत. सर्रास एकच लावतात आणि मग पन्हळीवरून पाणी भिंतीवर सांडतं.

आता पहिलं पाणी वेगळं काढायची सोय. दर पावसाच्या सुरुवातीला छतावरची धूळ, विष्ठा, पानं वाहून येतात. निदान पहिल्या १ मिलिमीटर पावसाचं पाणी विहिरीकडे जाता कामा नये. १०० चौरस मीटर छताचं ते १०० लिटर होतं. बाजारात तयार मिळतो तसा मीटरभर लांबीचा, टोकाला बूच लावलेला पाइप बसवून लोक निश्चिंत होतात. त्यात जेमतेम ८ लिटर मावतं. त्याऐवजी २०० लिटरचं पिंप घ्या. उभ्या पाइपला फाटा काढून पाणी आधी पिंपात जाऊ द्या. पिंप भरलं की आपोआप पुढे गाळणीकडे वळेल. पिंपाच्या तळाला बारीक नळी ठेवा, म्हणजे काही तासांत ते हळूहळू रिकामं होऊन पुढच्या पावसाला तयार राहील. झडप हाताने फिरवायची पद्धत कागदावर ठीक वाटते, पण रात्री दोन वाजता आलेल्या पावसात ती फिरवायला कुणी उठत नाही.

## टप्पा ७: गाळणी

गाळणी विहिरीच्या बाहेर, ओट्यापलीकडे, जमिनीच्या वर बांधा, म्हणजे भोवतालचं पाणी तिच्यात शिरणार नाही. १०० चौरस मीटर छताला आतून १ मीटर × १ मीटर आणि १.२ मीटर उंच गाळणी पुरते. तळापासून वर भरण्याचा क्रम:

१. ३० सेंटिमीटर दगड, ४० ते ६० मिलिमीटर आकाराचे. बाहेर जाणारा पाइप याच थरात, तोंडाला जाळी लावून.
२. २० सेंटिमीटर खडी, १० ते २० मिलिमीटर.
३. नायलॉनची जाळी.
४. ३० सेंटिमीटर जाड वाळू, १ ते २ मिलिमीटर दाण्याची.
५. पाणी पडतं तिथे एक सपाट दगड, म्हणजे वाळूत खड्डा पडत नाही.

वरची ४० सेंटिमीटर जागा मोकळी राहू द्या. वाळू सगळ्यात वर हवी. गाळ वरच अडतो आणि वरचा पातळ थर खरवडून काढता येतो. वाळू खाली आणि दगड वर भरलेली गाळणी बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्यात गाळ दगडांतून थेट खालच्या वाळूत जाऊन बसतो आणि सगळी गाळणी उपसावी लागते.

दगड, खडी, वाळू भरण्याआधी वेगवेगळी धुवा. बादलीत वाळू ढवळल्यावर पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचं. न धुतलेल्या वाळूतला गाळ पहिल्याच पावसात विहिरीत उतरतो. कोळशाचा थर घालावा का, असं विचारलं जातं. घालू नका. तो लवकर निकामी होतो, बदलला जात नाही आणि लोकांना खोटा भरवसा देतो.

गाळणीला घट्ट झाकण हवं. वरच्या कडेखाली १० सेंटिमीटरवर आत येणाऱ्या पाइपइतकाच जाड सांडपाइप ठेवा आणि त्याचं तोंड विहिरीबाहेर काढा. गाळणी तुंबली की न गाळलेलं पाणी विहिरीत जावं अशी रचना फार ठिकाणी केलेली असते. तुंबलेल्या दिवशीचं पाणी सगळ्यात घाण असतं हे लक्षात घ्या.

विहिरीत जाणारा पाइप कठड्यातून नेताना भोक सिमेंटने पक्कं बुजवा. पाइप भिंतीला धरून खाली नेहमीच्या पातळीजवळ न्या आणि शेवटी तोंड आडवं वळवा. उंचावरून धार पडली तर भिंत झिजते आणि तळाचा गाळ ढवळला जातो. बेडूक-उंदीर शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी.

## टप्पा ८: जमिनीवरचं पाणी लांब मुरवा

अंगणाचं, रस्त्याचं, शेताचं पाणी विहिरीपासून किमान १५ मीटर लांब, वेगळ्या पुनर्भरण खड्ड्यात न्या. गोठा, उकिरडा, वाहनं धुण्याची जागा आणि फवारणी झालेलं शेत यांवरून येणारं पाणी या खड्ड्यातही नको. खड्ड्याआधी गाळ बसायला एक छोटी टाकी हवीच.

काळ्या चिकण मातीत खड्डा घेतला तर पाणी मुरत नाही, डबकं होतं. मुरूम लागेपर्यंत खाली जा. नक्की करण्यासाठी खड्ड्याच्या तळाला हातभर खोल छोटा खळगा करा, दोनदा पाण्याने भरून जिरू द्या आणि तिसऱ्या वेळी तासाला पातळी किती उतरते ते मोजा. उतरतच नसेल तर जागा बदला. भसकन नाहीसं झालं तरी सावध व्हा, खाली उघडी भेग असू शकते. तिथे टप्पा ३ मधली मिठाची चाचणी करून विहिरीशी सरळ संबंध नाही याची खात्री करा.

बंद पडलेल्या बोअरमध्ये रस्त्याचं पाणी सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात मानू नका. ती घाण खोल भूजलात जाते आणि तिथून ती काढण्याचा व्यवहार्य मार्ग नसतो.

## टप्पा ९: पावसाआधीची रंगीत तालीम

छतावर पाइपने पाणी सोडा आणि सगळे मिळून पाहा:

- पन्हळीत कुठे पाणी थांबतं का?
- पिंप भरल्यावरच पाणी गाळणीकडे वळतं का?
- गाळणीतून बाहेर येणारं पाणी काचेच्या ग्लासात नितळ दिसतं का? दिसत नसेल तर दिसेपर्यंत ते विहिरीबाहेर सोडा.
- सांडपाइप मोकळा आहे का? मुद्दाम गाळणी तुंबवून बघा.
- विहिरीचा पाइप काढून बाहेर वळवण्याची सोय आहे का? ही सोय नसेल तर काम अपुरं आहे, कारण पुढे पाणी खराब निघालं तर पुनर्भरण बंद करता यायला हवं.

## टप्पा १०: पावसाळ्यातली कामं

हंगामाचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस पूर्ण बाहेर सोडा. छत स्वच्छ झाडून घ्या, मगच पाइप विहिरीकडे वळवा. बराच खंड पडून पाऊस पुन्हा सुरू झाला तर पहिली सर परत बाहेर.

दर आठवड्याला पाळीवाल्याने पन्हळ, पिंपाची नळी आणि गाळणीवरचा गाळ पाहायचा. पाऊस थांबून तास झाला तरी वाळूवर पाणी उभं असेल तर वरची २-३ सेंटिमीटर वाळू खरवडून धुवा.

पुनर्भरण चालू असेपर्यंत विहिरीला रोज क्लोरीन द्या. साधारण मात्रा १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली टीसीएल पावडर. २८,२६० लिटरच्या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा, १० मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती दोराने पाण्याखाली सोडा आणि बादली वरखाली करून मिसळा. तळाचा चुना टाकून द्या, तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. पावडर हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर नुसता चुना उरलेली असते.

रोजची तपासणी: अर्ध्या तासाने मोकळा (खर्च न होता पाण्यात उरलेला) क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मिळायला हवा, घरातल्या भांड्यात किमान ०.२. मिळत नसेल तर मात्रा वाढवा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. अशा वेळी आधी पाइप बाहेर वळवा आणि पाणी निवळेपर्यंत लोकांना उकळून प्यायला सांगा.

टीडीएस मीटर याही वेळी कामाला येतो. छताच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, त्यामुळे पाऊस आत गेल्यावर विहिरीचा टीडीएस उतरायला हवा. पावसानंतर तो वाढला, किंवा काही तासांतच पाणी गढूळ झालं, तर कुठूनतरी जमिनीवरचं पाणी आत शिरतं आहे असा संशय घ्या. ओट्याच्या भेगा आणि कठड्यातलं भोक आधी तपासा.

## टप्पा ११: पावसाळ्यानंतर

पातळी दर आठवड्याला दोन्ही विहिरींत मोजत राहा. पावसाळ्यातली चढलेली पातळी पाहून निष्कर्ष काढू नका. पाणी आटण्याच्या काळात आपली विहीर तुलनेच्या विहिरीपेक्षा किती दिवस जास्त टिकली, तो आकडा खरा.

जंतूंची तपासणी पावसाळ्याच्या मध्यात एकदा आणि शेवटी एकदा प्रयोगशाळेत करा. मधल्या काळात एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड वायूवरून जंतू ओळखणाऱ्या) बाटलीची चाचणी चालते. पाणी भरून ठेवलेली बाटली २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेची घाण असण्याची शक्यता धरा आणि प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्या. बाटलीत भरण्याचा नमुना क्लोरीन देण्याआधी घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही.

क्लोरीन न दिलेल्या नमुन्यात ई. कोलाय निघालं तर या क्रमाने जा. पाइप त्याच दिवशी बाहेर वळवा. क्लोरीन चालू ठेवा. टप्पा ३ चा नकाशा पुन्हा फिरून पाहा, मग छत आणि गाळणी धुवा. दुरुस्तीनंतर पुन्हा नमुना द्या. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर त्या विहिरीचं थेट पुनर्भरण कायमचं बंद करा, गाळणीचा पाइप १५ मीटर लांबच्या पुनर्भरण खड्ड्याला जोडा आणि छताचं पाणी तिथून मुरू द्या. खर्च एका जोडपाइपाचा येतो, छत, पन्हळ, पिंप आणि गाळणी आहे तशीच वापरता येते.